स्काऊट-गाईड पथकात येण्याआधी: पालक आणि मुलं वारंवार विचारतात ते प्रश्न

दर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या पथकाकडे तेच तेच प्रश्न येऊ लागतात. कुणी फाटकाशी थांबवून विचारतं, कुणी रात्री साडेदहाला मेसेज करतं. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ती भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेबद्दल आहेत. जिथे 'आमच्याकडे' असं लिहिलंय ती आमच्या पथकाची पद्धत. तुमच्या गावातल्या पथकाची थोडी वेगळी असू शकते.

१. स्काऊट-गाईड म्हणजे नेमकं काय? २६ जानेवारीला संचलन करतात तेच ना?

संचलन वर्षातून दोनदा होतं आणि लोकांना तेवढंच दिसतं. खरं काम इतर आठवड्यांत चालतं. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्याचा नायक त्यांच्यातलाच एक असतो. हा संघ मिळून गाठी मारायला, नकाशा वाचायला, प्रथमोपचार करायला, तंबू ठोकायला, चूल मांडायला आणि गावाच्या उपयोगी पडायला शिकतो. मोठी माणसं बाजूला उभी असतात.

याची सुरुवात १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर झाली. लॉर्ड बेडन-पॉवेल (तेव्हा ते लॉर्ड नव्हते) वीस मुलांना घेऊन तिथे शिबिराला गेले. त्यांतली काही बड्या घरची, महागड्या शाळांतली होती आणि काही कामगार वस्तीतली. दोघांना एकाच संघात घालून एकाच तंबूत झोपवलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. मला या चळवळीचा गाभा तिथेच दिसतो.

भारतात मात्र ती १९०९ मध्ये आली तेव्हा दार फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांना उघडं होतं. म्हणून ॲनी बेझंट यांनी आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊट संघटनांचं एकत्रीकरण होऊन आजची संस्था झाली. गाईड्स पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५१ रोजी तिच्यात आल्या. दार बंद असण्याचा अनुभव या संघटनेच्या इतिहासातच आहे, त्यामुळे कुणाला बाहेर ठेवायचं नाही ही गोष्ट आम्ही फार मनावर घेतो.

२. मूल कितव्या वर्षी येऊ शकतं?

साधारण सहा ते दहा वर्षांचे मुलगे 'कब' आणि मुली 'बुलबुल'. दहा ते सतरा 'स्काऊट' आणि 'गाईड'. पंधरा-सोळापासून पंचविशीपर्यंत 'रोव्हर' आणि 'रेंजर'. सहाच्या आतल्यांसाठी 'बनी' आहे, पण ते सगळीकडे चालत नाही. पाचवीतलं मूल म्हणजे स्काऊट-गाईडच्या उंबरठ्यावरचं. आधी कब-बुलबुल केलं नसलं तरी काही अडत नाही.

३. आमच्या शाळेत पथक नाही. मग?

दोन वाटा आहेत. पहिली, मुख्याध्यापकांना भेटा. एक शिक्षक किंवा शिक्षिका तयार झाली की पथक सुरू होऊ शकतं (प्रश्न १६ पाहा). दुसरी, शाळेबाहेरचं मुक्त पथक शोधा. अशी पथकं वस्तीत, सोसायटीत, एखाद्या वाचनालयाच्या अंगणातही चालतात. तुमच्या जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयात जिल्हा संघटक असतात, स्काऊटचे वेगळे आणि गाईडचे वेगळे. कुठलं पथक जवळ आहे ते त्यांना विचारा. शाळेत न जाणारं मूलही मुक्त पथकात येऊ शकतं. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

४. एनसीसी, एनएसएस आणि हे, यांत फरक काय?

एनसीसी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि तिच्यात सैनिकी प्रशिक्षण मिळतं. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. ती गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. मुख्यतः महाविद्यालयीन मुलांसाठी आहे आणि तिथे दोन वर्षांत २४० तास सेवा व सात दिवसांचं शिबिर असतं. स्काऊट-गाईड लहान वयात सुरू होतं, सैनिकी नाही, आणि तास मोजण्यापेक्षा 'सोपान' चढण्यावर भर देतं: प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. तिन्ही चांगल्या आहेत. ज्याला हातात दोरी आणि डोक्यावर आभाळ हवं, त्याने आमच्याकडे यावं.

५. मुली स्काऊट होऊ शकतात का?

भारतात मुलींची शाखा गाईड. अभ्यासक्रम जवळपास तोच आहे. तंबू त्याच ठोकतात, चूल त्याच पेटवतात, होकायंत्र घेऊन त्याच पुढे चालतात. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांचा मेळावा भरला होता. तिथे काही मुली न बोलावता आपणच गणवेश करून पोचल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या हट्टातून पुढच्या वर्षी गाईडिंग सुरू झालं. 'मुलींसाठी जरा सोपं ठेवता का?' असं विचारणाऱ्या आईबाबांना मी ही हकीकत सांगतो.

गाईडची जबाबदारी फक्त महिलांकडे असते. कब मुलांची पथकं मात्र महिलाही चालवतात, आणि उत्तम चालवतात.

६. खर्च किती येतो? गणवेश घेणं आत्ता जमणार नाही.

वार्षिक नोंदणी शुल्क अगदी थोडं असतं. खरा खर्च गणवेशाचा आणि शिबिराचा. आमच्याकडे गणवेश पहिल्या दिवशी लागत नाही. दीक्षाविधीपर्यंत, म्हणजे मूल वचन घेऊन रीतसर सदस्य होईपर्यंत, घरच्या कपड्यांत यावं. तोवर मोठ्या मुलांचे आखूड झालेले गणवेश आमच्या पेटीत जमलेले असतात. ते धुऊन, गुंड्या लावून दिले जातात. पेटीतला गणवेश कुणाला मिळाला ते पथकात कुणी विचारत नाही.

शिबिराच्या पैशांसाठी 'खरी कमाई' आहे. मुलं स्वतः काहीतरी काम करून मिळवतात: दिवाळीआधी पणत्या रंगवतात, रोपं तयार करून विकतात, शेजारच्यांच्या सायकली धुतात. पैसे संघाच्या खात्यात एकत्र जमा होतात, त्यामुळे ज्याच्या घरी चणचण आहे त्यालाही मागे राहावं लागत नाही. वर्गणीच्या नावाखाली घरोघर नुसते पैसे मागणं म्हणजे खरी कमाई नव्हे. मूल तसं करताना दिसलं तर आम्हाला जरूर सांगा.

७. शिबिरात माझं मूल खरंच स्वतः स्वयंपाक करणार? आग, सुरी?

हो. पण पहिल्याच दिवशी नाही. आधी चूल मांडायची, वाऱ्याची दिशा बघायची, बादलीभर पाणी आणि वाळू शेजारी ठेवायची, आणि हे जमलं की मग काडी. सुरी बंद करून दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची हा वेगळा धडा असतो.

बिनभांड्यांचा स्वयंपाक मुलांना सर्वांत आवडतो. वांगं निखाऱ्यात भाजून भरीत, मातीत लिंपून भाजलेले बटाटे, काठीला गुंडाळलेली कणीक. पहिली भाकरी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली निघते आणि तीच सगळ्यांत आधी संपते. घरी परतल्यावर तुमचं मूल ताट न कुरकुरता उचलू लागेल. हे मी खात्रीने सांगतो, कारण आया येऊन सांगतात.

८. रात्री मुलांजवळ कोण असतं? फोन करता येईल का?

आमच्याकडे कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर एकांतात राहत नाही. कायम किमान दोन प्रौढ. मुलींच्या शिबिरात गाईडर (गाईड पथकाच्या प्रमुख) महिलाच असतात. पालकांच्या लेखी संमतीशिवाय, आणि मुलाची औषधं, ॲलर्जी, झोपेत चालण्याची सवय वगैरे माहिती भरून दिल्याशिवाय नेत नाही. ही माहिती लपवू नका. दम्याचा पंप पिशवीत आहे हे आम्हाला ठाऊक असलं तर मूल डोंगरावर येऊ शकतं. ठाऊक नसलं तर धोका आहे.

मोबाइल मुलांनी आणायचा नाही. पथकप्रमुखांचा नंबर तुमच्याकडे असतो आणि रोज संध्याकाळी पालकांच्या गटावर खुशाली येते. पहिल्या रात्री त्यांच्या फोनवरून 'आई, मला ने' असा फोन येऊ शकतो. लगेच निघू नका, आमच्याशी बोला. बहुतेक मुलं सकाळपर्यंत रुळतात. पण एखादं मूल खरंच घाबरलं असेल तर आम्हीच तुम्हाला बोलावतो, आणि त्यासाठी त्याला कुणी चिडवत नाही.

मुक्कामाची जागा आधी पाहून ठरवतो. भर पावसात ओढ्याच्या पात्राजवळ तंबू नाही, संरक्षित गडांवर मुक्काम नाही, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल नाही.

९. शिबिराच्या दिवसांत मुलीची पाळी येणार आहे. पाठवू की नको?

पाठवा. हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात, म्हणून इथे मोठ्याने उत्तर देतो. आमच्या प्रत्येक शिबिरात पॅडचा वेगळा साठा असतो, तो कुठे आहे हे सगळ्या मुलींना पहिल्या तासात सांगितलं जातं, आणि वापरलेली पॅड टाकायची झाकणाची सोय असते. पोट दुखत असेल तर विश्रांती आणि गरम पाण्याची पिशवी. चालावंसं वाटत असेल तर चालावं.

तिला वेगळं बसवलं जात नाही, चुलीपासून दूर ठेवलं जात नाही, ध्वजवंदनातून किंवा प्रार्थनेतून वगळलं जात नाही. घरी तुम्ही काय पाळता हा तुमचा भाग. शिबिरात मात्र हा भेद होणार नाही, आणि तो होऊ नये असं मला मनापासून वाटतं. चार दिवस बाजूला बसवल्यामुळे कंटाळून पथक सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या परत येत नाहीत.

१०. जेवण शाकाहारी असतं का? उपवास, रोजा असेल तर?

आमच्या शिबिरात सगळ्यांसाठी शाकाहारी जेवण असतं, त्याचं कारण सोय आणि साठवण. कुणाचं अन्न पवित्र आणि कुणाचं नाही असा अर्थ त्यात नाही. उपवासाला साबुदाणा-वरई, जैन मुलांसाठी कांदा-लसणाशिवायचं आधी काढून ठेवलेलं. रमजानमध्ये शक्यतो मोठं शिबिर ठेवत नाही. कुणी रोजा ठेवून आलाच तर त्याच्या संघातला एक जण त्याच्याबरोबर पहाटे उठतो. हे आम्ही ठरवून दिलेलं नाही. एका मुलाने आपणहून केलं आणि मग ती रीतच पडली.

११. माझा मुलगा व्हीलचेअरवर आहे / मुलीला ऐकू येत नाही. पथकात घ्याल का?

घेऊ. आणि दया म्हणून नाही.

ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी स्काऊटिंगमध्ये आधीपासूनच पुष्कळ काही आहे. पथकाला गोळा करायला, रांगेत किंवा घोड्याच्या नालेच्या आकारात उभं करायला हातांचे ठरलेले इशारे आहेत, आणि झेंड्यांची सेमाफोर लिपी आहे. आमच्याकडे अशी एक मुलगी आली तेव्हा आम्ही शिट्टीबरोबर हाताचा इशारा कधीही चुकवायचा नाही असा नियम केला. महिनाभरात पूर्ण पथक जास्त नीट पाहायला शिकलं. दृष्टी नसलेल्या मुलाच्या बोटांना रीफ नॉट आणि बोलाइन या गाठी आमच्यापेक्षा लवकर कळतात.

व्हीलचेअरचं खरं कोडं वाट आणि शौचालय हे असतं. म्हणून शिबिराची जागा ठरवायला त्या मुलालाच बरोबर नेतो. जी जागा त्याला चालत नाही ती पथकाला चालत नाही. प्रत्येक वेळी हे साधतं असं नाही. एकदा आम्ही डोंगरमाथ्याची जागा आधीच ठरवून टाकली आणि एका मुलाला पायथ्याशी थांबावं लागलं. त्याने तक्रार केली नाही, पण त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून जागा ठरण्याआधी यादी बघतो.

स्वमग्न मुलं, शिकायला वेळ लागणारी मुलं यांच्यासाठी लहान संघ आणि रोजचा ठरलेला क्रम फार उपयोगी पडतो. चाचणीत काय बदलावं लागेल ते जिल्हा संघटकांशी आधी बोलून ठरवतो. प्रवेशाआधी तुम्ही एकदा येऊन बसा. मुलाला काय आवडतं, कशाने बिथरतं हे आम्हाला तुमच्याकडूनच शिकायचं असतं.

१२. वचनात 'ईश्वर' आहे. आमचा देवावर विश्वास नाही / आमचा धर्म वेगळा आहे.

धर्म कुठलाही असो, अडचण नाही. प्रार्थना सर्वधर्मीय असते. देव न मानणाऱ्यांसाठी: वचनात 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' हा शब्द घेण्याची मुभा संघटनेच्या नियमातच आहे. इथे धर्म म्हणजे आपलं कर्तव्य, आपली नीती असा अर्थ आम्ही मुलांना समजावतो. कुठला शब्द घ्यायचा ते मूल आणि घरचे ठरवतात, आणि दीक्षाविधीत दोन्ही शब्द उच्चारले गेले तरी कुणी मान वळवून बघत नाही. वचन अर्थ कळल्याशिवाय घ्यायचं नाही. कुणाला चार महिने जास्त लागले तर लागू देत.

१३. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. पोराचं नाव काढून टाकाल का?

नाही. नाव राहील आणि संघातली जागाही राहील. जाताना त्याची नोंदवही त्याच्याबरोबर द्या. फडावर, कोपीवर तो जे करतो ते बहुतेक आमच्याच अभ्यासक्रमात आहे: पाचट आणि बांबूचा निवारा, पहाटेची चूल, लहान भावंडांची राखण, कोयता लागला तर पट्टी. तारीख घालून लिहून आणू द्या. परत आल्यावर संघासमोर करून दाखवलं की मोजलं जाईल. प्रत्येक सोपानाला किमान काही महिने लागतात, त्यामुळे तो वर्षभर इथे असणाऱ्या मुलापेक्षा उशिरा पोचेल. राज्य पुरस्काराच्या चाचणीची तारीख हुकू नये म्हणून जाण्याआधी आम्हाला परतीचा अंदाज सांगा.

१४. सेवा म्हणजे झाडू हातात घेऊन फोटो काढणं, असंच पाहिलंय. तुमच्याकडे वेगळं काय?

तुमचं निरीक्षण खोटं नाही. आम्हीही एकदा शेजारच्या वाडीवर शाळेची भिंत रंगवायचं ठरवून, डबे घेऊनच गेलो. भिंत रंगली. निघताना एका आजींनी सहज सांगितलं, 'पोरांनो, हापशाखालचं शेवाळं खरवडलं असतंत तर बरं झालं असतं. परवाच माझी सून घसरली.' आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

त्यानंतर क्रम बदलला. आधी मुलं जाऊन घरोघर विचारतात आणि ऐकलेलं लिहून आणतात. मग संघ बसून ठरवतो की यातलं आपल्या हातून काय होईल. काम झालं की त्याच संध्याकाळी गोल करून बसायचं: काय केलं, कुणाला उपयोग झाला, काय चुकलं, हा प्रश्न मुळात का उभा राहिला. तो शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. पावसाळा संपता संपता ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, तसा मुलांनी घातला. संध्याकाळच्या गोलात एकीने विचारलं, 'पण वरच्या शेतांत बोअर किती आहेत?' त्या दिवशी भूगोलाचा धडा पुस्तकाबाहेर आला.

विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करणं, वारीच्या वाटेवर पाणी देणं, जत्रेत हरवलेल्या मुलांना सांभाळणं ही कामंही आहेतच. रोज एक सत्कृत्य हा नियम वेगळा. त्याचा फोटो काढायचा नसतो.

१५. दहावीचे गुण, रेल्वेची नोकरी, असे काही फायदे आहेत ना?

राष्ट्रपती पुरस्काराचं प्रमाणपत्र मोलाचं आहे आणि भारतीय रेल्वेत भरतीसाठी स्काऊट-गाईड कोटा आहे. त्याला राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुडबॅज (प्रौढांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा, प्रश्न १६ पाहा) आणि काही वर्षांचं सक्रिय सदस्यत्व लागतं, म्हणजे ऐनवेळी नाव घालून उपयोग नाही. सवलतीच्या गुणांचे नियम शासन निर्णयाप्रमाणे बदलत असतात. ते त्या त्या वर्षी शाळेच्या कार्यालयातून समजून घ्या. नववीत येऊन 'दहावीपर्यंत पुरस्कार मिळेल का?' असं विचारणाऱ्यांना: सोपान गाळता येत नाहीत. बनावट नोंदवहीवर आम्ही सही करत नाही, कितीही ओळखीतले असलात तरी.

१६. मी स्वतः कधी स्काऊट नव्हते. पथक चालवू शकेन का?

शकाल. प्रौढांसाठी निवासी प्रशिक्षण असतं: प्राथमिक, मग प्रगत, मग हिमालय वुडबॅज. तिथे तुम्हीही संघात राहता आणि मुलांसारखीच चूल मांडता. राज्यातलं प्रशिक्षण पुणे जिल्ह्यात भोरच्या रामबागेत होतं. राष्ट्रीय केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. शिक्षक असणं सक्तीचं नाही. सुतार, नर्स, निवृत्त पोस्टमन हे फार चांगले पथकप्रमुख होतात, कारण त्यांच्या हातात काहीतरी कसब असतं. एका पथकात बत्तिसाहून जास्त मुलं घेऊ नका. सगळ्यांना घ्यायच्या भरात साठ घेतली तर कुणाचंच नाव लक्षात राहत नाही.

१७. मी एकवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो. उशीर झाला का?

नाही. रोव्हर पथकात या, मुलगी असाल तर रेंजर. पंचविशीपर्यंत वेळ आहे. त्यानंतर प्रौढ म्हणून प्रश्न १६.

१८. 'हिंदुस्थान स्काऊट्स' वेगळी संस्था आहे का?

हो, ती वेगळी. स्काऊट आणि गाईड यांच्या दोन्ही जागतिक संघटनांची भारतातली सदस्य भारत स्काऊट्स आणि गाईड्स आहे. प्रवेश घेताना पावतीवरचं नाव वाचा.

१९. आम्ही परदेशी जातोय. इथलं स्काऊटिंग वाया जाईल का?

तिथल्या संघटनेचा अभ्यासक्रम वेगळा असेल, सोपान जसेच्या तसे मोजतीलच असं नाही. पण स्कार्फ घालून गेलात आणि डावा हात पुढे केलात (स्काऊट-गाईड डाव्या हाताने हस्तांदोलन करतात) की ओळख पटते. पुण्यातल्या मुलींना तर परदेशी जायचीही गरज नाही: जागतिक गाईड संघटनेचं 'संगम' केंद्र पुण्यातच १९६६ साली सुरू झालं. इथून जाताना पथकाकडून सदस्यत्वाचं पत्र घ्या, आणि नोंदवही सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

२०. आम्हाला वाटतं जावं, पण मूल नाही म्हणतंय.

मग आणू नका. तीन शनिवार नुसतं बघायला पाठवा, नाव न घालता. कुंपणाजवळ उभं राहिलं तरी चालेल. तिसऱ्या शनिवारी बहुधा कुठल्या तरी संघाला दोरीचं एक टोक धरायला माणूस कमी पडतो आणि त्याला हाक मारली जाते. आलं तर आलं. नाही आलं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा विचारा.